कल्पित भाषांची प्रत्ययव्यवस्था : क्वेन्या, क्लिंगॉन आणि सीमेवरची मराठी

१

कादंबरीतील नगर, राजवंश किंवा युद्ध काल्पनिक असले तर वाचकाला त्यात काही वावगे वाटत नाही. परंतु त्या नगरातील लोकांची भाषाही लेखकाने धातूपासून विभक्तीपर्यंत स्वतः रचलेली असली, तर समीक्षा बहुधा गोंधळात पडते. साहित्याचा अभ्यासक अशा भाषेला व्याकरणाचा विषय समजून बाजूला ठेवतो. भाषेचा अभ्यासक, ती कोणाची मातृभाषा नाही या कारणास्तव, तिला साहित्याकडे परत पाठवतो. या दोन दारांच्या मध्ये उभी असलेली ही रचना वास्तविक दोन्ही शास्त्रांच्या कसोटीला उतरली पाहिजे. कारण ती एकाच वेळी कलाकृतीही आहे आणि व्याकरणही आहे.

अशा भाषांपैकी ज्यांची विशेष चर्चा झाली, त्यांत जे. आर. आर. टोल्किन यांची क्वेन्या आणि मार्क ओक्रँड यांची क्लिंगॉन या दोन प्रमुख होत. दोहोंची जात वेगळी, हेतू वेगळा, श्रोता वेगळा. तथापि एका गोष्टीत त्यांचे साम्य आहे. दोन्ही भाषा मुख्यतः संयोगी आहेत. म्हणजे मूळ शब्दापुढे अर्थवाही प्रत्ययांची माळ ओवून त्या आपले पद सिद्ध करतात. या प्रत्ययव्यवस्थेने कल्पित जगाला नेमके काय दिले, आणि तिचे मूल्यमापन कोणत्या कसोटीने करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कोल्हापुरातील अभ्यासकाला ही कसोटी दूर शोधावी लागत नाही. कन्नडसारखी संयोगी भाषा येथून काही कोसांवर घराघरांत बोलली जाते, आणि येथील मराठीच्या सांध्यांतही तिचा शेजार ऐकू येतो.

२

संयोगी भाषेचे लक्षण उदाहरणाने लवकर स्पष्ट होते. कन्नडात ‘मने’ म्हणजे घर, ‘मनेगळु’ म्हणजे घरे आणि ‘मनेगळल्लि’ म्हणजे घरांत. येथे ‘गळु’ हा बहुत्वाचा घटक आणि ‘अल्लि’ हा स्थानाचा घटक हे दोन्ही वेगळे काढून दाखवता येतात. संस्कृतातील ‘गृहेषु’ या पदात अशी फोड होत नाही. तेथे ‘सु’ हा एकच प्रत्यय बहुवचन आणि सप्तमी असा दुहेरी भार वाहतो. पहिला प्रकार संयोगी, दुसरा विकारी. मराठी या दोहोंच्या मध्ये आहे. ‘घरातल्यांना’ हे पद घेतले तर घर, सामान्यरूपाचा आकार, स्थानदर्शक त, संबंधदर्शक ल, अनेकवचनी यां आणि ना अशी जवळजवळ संपूर्ण माळ हाती लागते. पण ‘ल’ आणि ‘यां’ यांच्या सांध्यात लिंग, वचन आणि सामान्यरूप एकमेकांत मुरलेले आहेत. मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील व्याकरणापासून विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय यांच्या सीमेचा जो वाद मराठीत चालत आला, त्याचे मूळ भाषेच्या या मधल्या स्थितीत आहे.

भाषा रचणाऱ्याला संयोगी पद्धती का आवडते, हे उघड आहे. थोडे मूळ शब्द आणि थोडे प्रत्यय एवढ्या भांडवलावर हजारो पदे सिद्ध होतात. झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये एस्पेरांतो प्रसिद्ध केली ती याच तत्त्वावर. ‘मलसानुलेयो’ या तिच्या एका शब्दात विरोध, निरोगी, व्यक्ती, स्थान आणि नामत्व असे पाच घटक ओळीने येतात व त्यांतून रुग्णालय उभे राहते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे. परंतु सोय हा कल्पित जगाचा गुण नव्हे. जगात राहणारे लोक आपली भाषा सोय पाहून निवडत नाहीत. ती त्यांना झिजलेल्या नाण्यासारखी हातोहात मिळते. म्हणून आंतरराष्ट्रीय व्यवहारासाठी रचलेल्या भाषेत जी पारदर्शकता भूषण ठरते, तीच कथेतील समाजाच्या भाषेत वैगुण्य ठरण्याचा संभव असतो.

याच्या जोडीला एक जुना पूर्वग्रहही लक्षात घेतला पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय भाषाशास्त्राने, विशेषतः ऑगस्ट श्लायशर यांनी, पृथक्, संयोगी आणि विकारी अशा तीन पायऱ्यांची एक शिडी कल्पिली आणि विकारी भाषांना विकासाच्या वरच्या पायरीवर बसवले. रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ मध्ये द्राविडी भाषांचे तुलनात्मक व्याकरण लिहिले आणि त्या कुळाचे स्वातंत्र्य सिद्ध केले. तरीही ‘प्रत्यय चिकटवणाऱ्या’ भाषा म्हणजे अपक्व भाषा ही समजूत बराच काळ मागे उरली. भाषाशास्त्राने ती शिडी केव्हाच काढून टाकली आहे. कथावाङ्मयाने आणि चित्रपटाने मात्र ती कधी कधी नकळत पुन्हा उभी केली आहे. कल्पित भाषांच्या समीक्षेत खरा प्रश्न येथे आहे, आणि तो केवळ व्याकरणाचा नाही.

३

टोल्किन हे ऑक्सफर्ड येथील अँग्लो-सॅक्सनचे आणि पुढे इंग्रजी भाषा-वाङ्मयाचे प्राध्यापक. विद्यार्थिदशेत त्यांच्या हाती फिन्निश भाषेचे एक व्याकरण पडले आणि तिच्या नादाने ते भारून गेले. क्वेन्याचा शब्दसंग्रह त्यांनी १९१५ च्या सुमारास सुरू केला. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कथा १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे भाषा कथेच्या आधी सुमारे चाळीस वर्षे जन्मली. आपल्या कथा भाषांना राहायला जग मिळावे म्हणून रचल्या गेल्या, असे त्यांनी पुढे सांगितले, ते अतिशयोक्त मानण्याचे कारण नाही. १९३१ मधील एका व्याख्यानात त्यांनी भाषा रचण्याच्या या छंदाला गुप्त व्यसन म्हटले होते आणि त्याच वेळी भाषेबरोबर पुराणकथाही आपोआप जन्म घेते हा विचार मांडला होता.

क्वेन्यातील नामाची रूपे पाहिली असता फिन्निशचा ठसा लगेच दिसतो. फिन्निशमध्ये ‘तालो’ म्हणजे घर व ‘तालोस्सा’ म्हणजे घरात. क्वेन्यात ‘किर्या’ म्हणजे नौका, ‘किर्यास्से’ म्हणजे नौकेत, ‘किर्यान्ना’ म्हणजे नौकेकडे, ‘किर्याल्लो’ म्हणजे नौकेपासून. परंतु बहुवचनाकडे वळल्यावर टोल्किन आपल्या आदर्शापासून दूर जातात. फिन्निशमध्ये बहुत्वाचा इकार विभक्तीच्या आधी येतो : ‘तालोइस्सा’. कन्नडातही ‘गळु’ आधी आणि ‘अल्लि’ नंतर. क्वेन्यात मात्र बहुत्वाची खूण विभक्तीच्या मागाहून लागते, आणि तीही सर्वत्र एक नसते : ‘किर्यास्सेन’, ‘किर्यान्नार’, ‘किर्याल्लोन’. दोन ठिकाणी न आणि एके ठिकाणी र, हा भेद नियमाच्या सोयीसाठी केलेला नाही. तो अशा भाषेचा भेद आहे जिला भूतकाळ आहे.

टोल्किनांच्या रचनेचे मर्म या भूतकाळात आहे. त्यांनी एक भाषा रचली नाही. भाषांचे कूळ रचले. एका प्राचीन मूळ भाषेपासून ध्वनिनियमांनी क्वेन्या, तेलेरिन, सिंदारिन अशा शाखा फुटतात. हंस या अर्थी क्वेन्यात ‘अल्क्वा’, तेलेरिनमध्ये ‘अल्पा’ आणि सिंदारिनमध्ये ‘अल्फ’ असे शब्द येतात, त्यांच्यामागे क्व, प आणि फ यांचा नियमित संबंध उभा आहे. तमिळ ‘पाल्’ आणि कन्नड ‘हालु’ हे शब्द शेजारी ठेवून प चा ह कसा झाला हे ज्या विद्यार्थ्याने शिकले आहे, त्याला टोल्किनांची ही पद्धत अनोळखी वाटणार नाही. प्रत्ययांची माळ येथे कारखान्यात ओवलेली नाही. प्रत्येक मणी पिढ्यांच्या हातांनी घासला गेला आहे, असा भास होतो. आणि कलेत भासालाच सत्याचे मोल असते.

क्वेन्याच्या एका प्रत्ययाचा इतिहास मराठी वाचकाने विशेष लक्षपूर्वक पाहावा. कथेतील एका अभिवादनात ‘आपल्या भेटीचा’ या अर्थी येणाऱ्या पदाच्या अंती पहिल्या आवृत्तीत ‘एल्मो’ असे रूप होते. दुसऱ्या आवृत्तीत ते ‘एल्वो’ असे बदलले. इंग्रजी वाचकाला हा केवळ एका व्यंजनाचा फरक वाटला असेल, कारण त्याच्या भाषेत दोन्ही अर्थ एकाच सर्वनामात बुडालेले असतात. मराठीत तो ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यामधला फरक आहे. समोरच्या माणसाला भेटीत सामील करून घ्यायचे की बाहेर ठेवायचे, हे त्या एका म आणि व वर अवलंबून आहे. अनोळखी पाहुण्याला दारात उभे करून ‘आमच्या भेटीचा आनंद झाला’ म्हणणे आणि ‘आपल्या भेटीचा’ म्हणणे यांतला भेद ज्याला कळतो, त्याला त्या दुरुस्तीमागची तळमळही कळते. प्रत्ययव्यवस्था साहित्यात केव्हा जिवंत होते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

क्वेन्याचे वैगुण्यही येथेच सांगितले पाहिजे. जिला एवढा मोठा भूतकाळ आहे, तिला वर्तमानकाळ जवळजवळ नाही. टोल्किन आयुष्यभर तिची रूपे बदलत राहिले. एकाच प्रत्ययाची वेगवेगळ्या काळची टिपणे परस्परांशी जुळत नाहीत. तिच्यात शोक करता येतो, शपथ घेता येते, ताऱ्यांचे स्तवन करता येते. बाजारात भाव ठरवता येईल की नाही याची शंका वाटते. ती अभिजात भाषेची अभिजात भाषा आहे. कल्पित जगातही ती विद्येची आणि विधीची भाषा म्हणून उरते, हे तिच्या रचयित्याने आपल्या मर्यादेचे केलेले चतुर समर्थनच म्हटले पाहिजे.

४

क्लिंगॉनची कहाणी उलट दिशेने जाते. तिच्या जन्मामागे छंद नव्हता, चित्रपटाची गरज होती. १९७९ मधील पहिल्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात काही थोडे निरर्थक वाटणारे उच्चार होते. १९८४ मधील तिसऱ्या चित्रपटासाठी ओक्रँड यांनी त्यांवरून व्याकरण उभारले आणि १९८५ मध्ये कोश व व्याकरण प्रसिद्ध केले. ओक्रँड हे कॅलिफोर्नियातील मुत्सुन या मूलनिवासी भाषेचे अभ्यासक. युद्धप्रिय परग्रहवासीयांची भाषा मानवी भाषांपेक्षा निराळी वाटावी, यासाठी त्यांनी जाणूनबुजून विरळ गोष्टी एकत्र आणल्या. वाक्यात आधी कर्म, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता असा जो क्रम ब्राझीलमधील हिश्करियाना यांसारख्या अगदी थोड्या भाषांत आढळतो, तो त्यांनी घेतला.

वर्णमालेतही त्यांनी हीच युक्ती केली. क्लिंगॉनमध्ये मूर्धन्य ड आहे पण ट नाही. त आहे पण द नाही. ष आहे पण स नाही. क आणि ग दोन्ही नाहीत, त्यांच्याऐवजी पडजिभेशी उच्चारला जाणारा क़ आहे. आपल्या वर्णमालेतील पाच वर्गांची सुबक मांडणी ज्याच्या मनात बालपणापासून ठसलेली आहे, त्याला ही मोडतोड तत्काळ जाणवते. मात्र येथे एक गंमतही घडते. इंग्रजी कानाला ज्या ड मुळे ही भाषा रानटी भासली, तो ड कोल्हापुरात गडी, वाडा, डाळ यांत दिवसभर नांदतो. ज्या ध्वनीत चित्रपटाने परकेपणा साठवला, तो येथे घरचाच आहे. परकेपणा ध्वनीच्या अंगी असतो की ऐकणाऱ्याच्या कानात, हा प्रश्न क्लिंगॉनने असा अनायासे उपस्थित केला.

तिची प्रत्ययव्यवस्था कमालीची शिस्तबद्ध आहे. नामाच्या प्रत्ययांचे पाच वर्ग, क्रियापदाच्या प्रत्ययांचे नऊ वर्ग; प्रत्येक वर्गातून फार तर एक प्रत्यय घ्यायचा आणि तो ठरलेल्या क्रमानेच लावायचा. ‘जुख़’ म्हणजे घर. त्यापुढे दुसऱ्या वर्गातील बहुत्वाचा ‘मेय’ आणि पाचव्या वर्गातील स्थानाचा ‘डाक़’ लावला की ‘जुख़मेयडाक़’ म्हणजे घरांत. ‘मनेगळल्लि’ आणि ‘जुख़मेयडाक़’ यांची बांधणी तंतोतंत एक आहे. फरक सांध्यात आहे. कन्नडात ‘मने’ला ‘अल्लि’ लागताना मध्ये य येतो व ‘मनेयल्लि’ होते. ‘मर’ म्हणजे झाड याला लागताना मध्ये द येतो व ‘मरदल्लि’ होते. मराठीत ‘घर’चे ‘घरा’, ‘नदी’चे ‘नदी’ आणि ‘भाऊ’चे ‘भावा’ झाल्याखेरीज प्रत्यय पुढे पाऊल टाकत नाही. क्लिंगॉनचे सांधे असे काहीच मागत नाहीत. एक तुकडा दुसऱ्यावर विटेवर वीट ठेवावी तसा बसतो. दर्जा भरण्याची गरज पडत नाही. भाषेला वय नाही, याची ही सर्वांत उघड खूण आहे.

येथवरच पाहिले तर क्लिंगॉन ही हुशारीने केलेली यंत्ररचना ठरेल. पण तिच्या दोन गोष्टी तिला यंत्राहून वर नेतात. पहिली गोष्ट बहुवचनाची. भाषा बोलण्यास समर्थ असलेल्यांसाठी ‘पू’, शरीराच्या अवयवांसाठी ‘डू’ आणि उरलेल्या सर्वांसाठी ‘मेय’ असे तीन प्रत्यय आहेत. बोलणाऱ्या जीवाला ‘मेय’ लावले तर चूक होत नाही. इकडे तिकडे विखुरलेले असा अर्थ होतो. ‘पुक़पू’ म्हणजे मुले आणि ‘पुक़मेय’ म्हणजे जिकडे पाहावे तिकडे मुलेच मुले. स्वामित्वाच्या प्रत्ययात हा भेद धारदार होतो. बोलणाऱ्या जीवांसाठी ‘माझा’ या अर्थी एक प्रत्यय आणि वस्तूंसाठी दुसरा. आपल्या धन्याविषयी बोलताना वस्तूचा प्रत्यय वापरला तर व्याकरण शाबूत राहते, पण अपमान होतो. मानापमानाला प्राणापलीकडे जपणाऱ्या समाजाच्या भाषेत अपमान करण्यासाठी वेगळी शिवी लागू नये, एका व्यंजनाने काम भागावे, ही कल्पना उत्तम साहित्यगुणाची आहे. कन्नडात ‘हुडुगरु’ म्हणजे मुलगे आणि ‘मरगळु’ म्हणजे झाडे यांत माणसांचे बहुवचन वेगळे राहते, आणि मराठीत ‘तो आला’ व ‘ते आले’ यांत आदर प्रत्ययावरच तोलला जातो, हे जाणणाऱ्याला त्या रचनेतील मर्म सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट अपघाताने घडली. ओक्रँड यांनी क्लिंगॉनमध्ये ‘असणे’ या अर्थाचे क्रियापद ठेवलेच नव्हते. १९९१ मधील सहाव्या चित्रपटात हॅम्लेटच्या सुप्रसिद्ध स्वगताचा आरंभ या भाषेत म्हणावयाचा ठरला, आणि त्या स्वगताचा आधारच ते क्रियापद आहे. जगणे या अर्थाच्या धातूवर आधारलेला पहिला पर्याय मागे पडला. तेव्हा ओक्रँड यांनी क्रिया चालू आहे हे दाखवणारा ‘ताख़’ हा प्रत्यय उचलला आणि त्यालाच टिकून राहणे या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद बनवले. मानवी भाषांत ओघ बहुतेक उलटा असतो. स्वतंत्र शब्द झिजत झिजत प्रत्यय होतो. ‘घराकडे’ यातील ‘कडे’ मध्ये ‘कड’ म्हणजे बाजू हे नाम अजून दिसते. ‘पाशी’ च्या मागे ‘पार्श्व’ उभे आहे. कन्नडातील ‘अल्लि’ आजही ‘तेथे’ या अर्थाचा स्वतंत्र शब्द म्हणून वावरतो. क्लिंगॉनमध्ये प्रत्यय उठून शब्द झाला. ज्या भाषेला भूतकाळ नव्हता, तिला वापराच्या रेट्याने भूतकाळ निर्माण करावा लागला. नटांच्या उच्चारातील चुका आणि संकलनात बदललेले संवाद हेही ओक्रँड यांनी व्याकरणात सामावून घेतले. निशाण या अर्थी ‘डोष’ आणि अनेक निशाणांसाठी अगदी निराळा ‘राय’ अशा आडवळणी जोड्याही त्यांनी दिल्या. १९९२ मध्ये या भाषेच्या अभ्यासासाठी संस्था निघाली आणि १९९६ मध्ये संपूर्ण हॅम्लेट तिच्यात उतरला. क्वेन्याला निर्मात्याने वय दिले, क्लिंगॉनला बोलणाऱ्यांनी. दोन्ही ठिकाणी भाषा तेथेच जिवंत झाली जेथे नियमाला खोच पडली.

५

आता मूळ पूर्वग्रहाकडे वळता येईल. कल्पित जगात कोणाला कोणती भाषा मिळते? क्लिंगॉन योद्ध्यांना मूर्धन्य आणि घशातले ध्वनी मिळाले. टोल्किनांच्या एल्फांना स्वरबहुल, मृदू क्वेन्या मिळाली. भारतीय चित्रपटातही हा विभाग दिसतो. २०१५ मधील ‘बाहुबली’ या चित्रपटासाठी मदन कार्की यांनी किलिकी ही भाषा रचली. तिच्यात ‘मिन’ म्हणजे मी आणि ‘निम’ म्हणजे तू. शब्द उलटा केला की अर्थही समोर जाऊन उभा राहतो. ही युक्ती चतुर आहे. तिचे नाते मुलांच्या ‘च’च्या भाषेशी अधिक आणि समाजाच्या भाषेशी कमी आहे, एवढेच. पण ती दिली गेली कालकेय या आक्रमक टोळीला, आणि पडद्यावर ती ओरडण्यातूनच बहुधा ऐकू आली. नागर लोक प्रेक्षकाच्या भाषेत बोलतात, रानटी लोक कल्पित भाषेत. शिडी अशी पुन्हा उभी राहते.

या विभागणीला सर्वांत मोठे उत्तर टोल्किनांच्याच लेखनात आहे, जरी त्यांनी ते त्या हेतूने दिलेले नसले. त्यांच्या कथेतील दुष्ट शक्तीची स्वतःची एक काळी भाषा आहे आणि तीही संयोगीच आहे. तिच्यातील ‘दुर्बातुलूक’ या पदात सत्ता गाजवणे हा धातू, त्यापुढे हेतुदर्शक ‘आत’, मग ‘त्यांना’ या अर्थाचा ‘उल’ आणि शेवटी ‘सर्वांना’ या अर्थाचा ‘ऊक’ असे चार घटक ओळीने उभे आहेत. एल्फांच्या स्तवनाची आणि गुलामगिरीच्या आज्ञेची बांधणी एकाच पद्धतीची निघते. म्हणजे संयोग ही पद्धती ना उदात्त आहे ना आसुरी, ना प्रगत ना मागास. तिला नैतिक रंग चढतो तो ध्वनीच्या निवडीतून आणि प्रसंगातून. आणि ध्वनीविषयीची रुची, क्लिंगॉनमधील ड ने दाखवले त्याप्रमाणे, ऐकणाऱ्याच्या गावावर अवलंबून असते.

६

कल्पनेचा निकाल वास्तवाने द्यावा असा आग्रह नाही. परंतु वास्तवाशी ताडून पाहिल्याने कल्पनेचे गृहीतक उघड होते. यासाठी सांगली जिल्ह्यातील कुपवाडइतके योग्य स्थळ दुसरे नाही. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि जगभरच्या भाषाशास्त्रात त्याचे नाव झाले. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, इतर अनेकांच्या घरांत मराठी, आणि सर्वांचा शेकडो वर्षांचा एकत्र व्यवहार. या व्यवहाराने तिन्ही भाषांचे व्याकरण एकमेकांच्या इतके जवळ आणले की वाक्य घटकास घटक लावून एका भाषेतून दुसरीत नेता येते. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’. उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’. कन्नड वाक्याचीही ओळ तीच. शब्द बदलतात, सांधे बदलत नाहीत. कन्नडप्रमाणे माणसांतच स्त्रीपुरुषभेद मानून उरलेले सर्व नपुंसक समजण्याची रीत तेथील मराठीत शिरली. प्रमाण मराठीतील ‘नदी आली’ तेथे ‘नदी आलं’ होते. कोल्हापूरकडे स्त्रियांच्या तोंडी ‘मी आलो’, ‘मी जातो’ ही रूपे ऐकू येतात आणि कन्नडातही प्रथमपुरुषी क्रियापद लिंगभेद मानत नाही, हे साम्यही या संदर्भात आठवते.

कुपवाड आता सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत सामावले आहे, आणि भाषावार प्रांतरचनेनंतर तेथे मराठीचे वजन वाढले आहे. तरीही त्या अभ्यासाने सांगितलेली गोष्ट शिळी झालेली नाही. गावकऱ्यांनी व्याकरण वाटून घेतले, पण शब्द वेगळे ठेवले; कारण घराची ओळख शब्दाने राखली जाते आणि व्यवहार सांध्यांनी चालतो. भाषा रचणारे कलावंत नेमके उलटे करतात. परक्यांना परके दाखवण्यासाठी ते सांधे वेगळे करतात, आणि परकेपणाचे सारे ओझे प्रत्ययांवर लादतात. सीमेवरच्या माणसाचा अनुभव सांगतो की प्रत्यय हा परकेपणाचा भरवशाचा साक्षीदार नव्हे. ज्यांच्याशी सीमेचा तंटा चालतो, त्यांच्याच सांध्यांनी आपले वाक्य उभे असू शकते.

कल्पित भाषेची कसोटी म्हणून यातून दोन प्रश्न हाती येतात. तिच्या प्रत्ययांना वापराने आलेली झीज आहे काय, हा पहिला; आणि तिच्या शेजारी कोणी राहते काय, हा दुसरा. पहिल्या कसोटीला क्वेन्या निर्मात्याच्या तपश्चर्येने उतरते आणि क्लिंगॉन अपघातांना दिलेल्या आदराने उतरते. दुसऱ्या कसोटीला दोन्ही कमी पडतात. क्वेन्याला पूर्वज आहेत, भावंडे आहेत. तिने शेजाऱ्याकडून एखादा शब्द घेतला तरी शेजाऱ्याच्या सांध्यांनी तिचे वाक्य कधी बदलले नाही. क्लिंगॉनला शत्रू आहेत. पण ज्याच्याशी रोज पाणी आणि पाला यांचा व्यवहार करावा लागतो असा शेजारी नाही. मराठीत कोणी पुढे परक्या जगाची भाषा रचू पाहील, तर त्याला फिन्निशच्या व्याकरणापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. कृष्णेच्या काठावर दोन कुळांच्या भाषा एका वाक्यात कशा नांदतात, एवढे त्याने कान देऊन ऐकले, तर आजवरच्या कल्पित भाषांत नसलेली गोष्ट त्याच्या भाषेत येईल. ती परकी भासेल, आणि तरीही तिचा एखादा सांधा वाचकाला आपल्या घरचा म्हणून ओळखू येईल.